ऐंशीला पिन उपसणाऱ्या मावशी

आमच्या शाळेतल्या मावशींसमोर कुणाचाच फोन कधी शंभर टक्के चार्ज झाला नाही. ऐंशी झाले की त्या पिन उपसायच्या. मग तो हेडसरांचा फोन असो, तपासणीला आलेल्या मॅडमचा असो, नाहीतर लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या कुणा पाहुण्याचा असो. एकदा एक पाहुणा ओरडलाच, "अहो मावशी, अजून वीस टक्के राहिलंय ना!" मावशींनी फोन त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ढेकर आल्यावर बी तुमी ताटात वाढून घेता का?" पाहुण्यानं फोन घेतला, पत्रिका टेबलावर ठेवली आणि गेला. पाणीसुद्धा प्यायला नाही.

मी हे जालन्यातून लिहितेय. मस्तगडला आम्ही चौघी एका खोलीत राहतो, कॉलेज करतो, आणि बाकीच्या तिघी दुपारी फोन चार्जिंगला लावून चक्क उशीखाली ठेवतात. उशीखाली! मी जाऊन पिना काढते, मग भांडणं होतात. परवा एकजण म्हणाली, "तू काय बॅटरीची आई आहेस का गं?" तेव्हाच ठरवलं की मावशींबद्दल लिहायचं, कारण हिला आणि तुम्हा सगळ्यांनाच कळायला पाहिजे मी कुणाच्या हाताखालून आलेय. तुमच्याही शाळेत अशा एक मावशी असतील. घंटा द्यायच्या, माठ भरायच्या, हजेरीचं पुस्तक वर्गावर्गात फिरवायच्या. पण आमच्या मावशींनी सील तोडलं. दिवसाढवळ्या, दुपारी बारा वाजता, सांगून! तिथपर्यंत येतेच, पण जरा मागून सांगते, नाहीतर त्यात मजा नाही.

मावशींचं नाव सरूबाई. माहेर धनगराचं, सगळं लहानपण मेंढरांमागं रानोमाळ गेलेलं, त्यातूनच कुठं कुठं शाळा करून सातवी पास. आमचं गाव अंबडकडं, उसाच्या पट्ट्यात. सीझनला ट्रॅक्टर जायला लागले की वर्गात सरांचा आवाज ऐकू यायचा नाही. शाळा एका संस्थेची, संस्थेच्या जिल्ह्यात तीन शाळा, आणि आमच्या शाळेत शिपाई म्हणून एकट्या मावशी. बुटक्या, काटक, पदर कमरेला खोचलेला, आणि कमरेला किल्ल्यांचा असा जुडगा की त्या कुठल्या वर्गाकडं येताहेत ते आधीच कळायचं. आम्ही कॉप्या लपवायचो.

मी आठवीत असताना शाळेला तीस टॅब मिळाले. खोकी आली, नारळ फुटला, फोटो झाले. आणि मग काय? मग हेडसरांना घाम फुटला. हेडसर माणूस फार चांगला, गणित असं शिकवायचे की चुकायला लाज वाटायची. पण स्टॉक रजिस्टर दिसलं की ते हात मागं घ्यायचे. तीस टॅब त्यांच्या नावावर चढलेले. एक हरवला, एक फुटला, तर? त्यांचं म्हणणं, खोक्यातच राहू द्या, वापरलं की बिघडतं. कपाटाची किल्ली स्वतःकडं नको म्हणून ती त्यांनी मावशींकडं दिली. हीच हेडसरांची चूक झाली, किंवा आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम झालं, तुम्हीच ठरवा.

टॅब कसे सांभाळायचे हे सांगायला पुण्याहून एक दादा आला होता. सगळे सर-मॅडम समोर बसलेले आणि जेवणाची वेळ टळून गेलेली. तो बॅटरीवर आला तोवर अर्ध्यांनी जांभया द्यायला सुरुवात केली होती, उरलेले घड्याळ बघत होते. मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या. चहा गार झाला, साय आली, तरी त्या दारातच. शेवटी त्यानं विचारलं, कुणाला काही शंका? कुणालाच नव्हती. मागून आवाज आला, "साहेब, हे फुगतं म्हणले तुमी. काहून फुगतं?" तो दादा इतका खूश झाला! नंतर व्हरांड्याच्या पायरीवर बसून त्यानं अर्धा तास एकट्या मावशींना शिकवलं. आम्ही खिडकीतून बघत होतो. मावशी मान हलवत होत्या आणि मध्येच बोटांवर मोजून काहीतरी पक्कं करून घेत होत्या.

दुसऱ्या दिवशी मावशींनी कपाट उघडून टॅब आमच्या हातात दिले आणि शिकवलंही त्यांनीच. "ऐका गं. मेंढराला पोट फुटंस्तोवर चारू न्हाई आन उपाशी बी ठिवू न्हाई. बराबर? हे तसंच. वीसच्या खाली जाऊ द्यायचं न्हाई, ऐंशीच्या वर चढवायचं न्हाई. आन ऊन बिलकुल न्हाई." मग म्हणाल्या, उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून घोळका करतात, त्यांना वाटतं सावली मिळाली, पण आतल्या आत उकडून निघतात, म्हणून धनगरानं ती पांगवायची असतात. "तवा टॅब बी एकावर एक रचू नका. चार्जिंगला असला की त्याला मोकळी हवा पाह्यजे." कांचन, म्हणजे माझी बाकावरची मैत्रीण, हळूच म्हणाली, "मावशी, टॅबला लोकर पण येते का?" तिला पुढचे पंधरा दिवस माठ भरायला लावला.

मावशींची पद्धत ठरलेली. मंगळवार आणि शुक्रवार चार्जिंगचे. सहा पॉइंटचा एकच बोर्ड, म्हणून सहा-सहाच्या पाळ्या. प्रत्येक टॅबच्या पाठीवर त्यांनी नेलपॉलिशनं नंबर टाकलेला, आणि तोच नंबर चार्जरवर. सतराचा चार्जर अठराला लावलेला दिसला की, "दुसऱ्याच्या घरी जेवायला काहून गेला हा?" चार्जिंगला लावायच्या आधी कव्हर काढायचं. त्याला त्या स्वेटर म्हणायच्या. "काढ त्याच्या अंगातलं स्वेटर, जीव गुदमरतो त्याचा!" टेबलावर सतरंजी असायची म्हणून टेबल नको, खाली शहाबादी फरशीवर ओळीनं मांडायचे. आणि दर दहा मिनिटांनी मावशी एकेक उचलून गालाला लावून बघणार. हात नाही, गाल. म्हणायच्या, हाताला घट्टे पडलेत, त्याला खरं कळत नाही.

लाईटचं तर विचारूच नका. रानातल्या मोटारी सुरू झाल्या की शाळेतली ट्यूब फडफडायची. ती एकदा जरी फडफडली तरी मावशी कुठूनही पळत यायच्या आणि सहाच्या सहा पिना काढायच्या. एकदा प्रार्थनेच्या मधून पळाल्या. संस्थेचे एक साहेब पाहुणे म्हणून उभे होते, ते बघतच राहिले. हेडसर नंतर कळवळून म्हणाले, "मावशी, निदान प्रार्थना तरी संपू द्यायची." तर मावशी, "सर, देवाला कळतं. व्होल्टेजला कळत न्हाई."

मला त्या फटफटी म्हणायच्या. मी बोलायला लागले की थांबत नाही म्हणून. "ए फटफटे, श्वास घे जरा." एकदा या फटफटीनं मोठा घोळ घातला. शनिवार होता, सतरा नंबरचा टॅब माझ्याकडं, आणि मला विज्ञानाचा अख्खा धडा बघायचा होता. वाटलं, ऐंशीत भागणार नाही, गुपचूप शंभर करू. म्हणून मी टॅब चार्जिंगला लावून दप्तरात खुपसला, वर स्कार्फ टाकला आणि बोर्डाजवळ दप्तर ठेवून खेळायला गेले. परत आले तर मावशी दप्तराशेजारी मांडी घालून बसलेल्या. टॅब बाहेर काढला, माझ्या गालाला लावला. चटका बसला हो! म्हणाल्या, "ताप आलाय त्याला. बस हितं. उतरला की सांग." अर्धा तास मी त्या टॅबला फरशीवर ठेवून, मधूनमधून गालाला लावून, तापाच्या पोराजवळ बसावं तशी बसले. बाकीच्या पोरी खो-खो खेळत होत्या. त्या दिवसापासून मी सुधारले. आणि मावशींचा उजवा हातही झाले.

आता सीलचं.

आम्ही नववीत होतो. एप्रिलात वरून एक पत्र आलं. सगळे टॅब पूर्ण, म्हणजे शंभर टक्के चार्ज करा, मोजा, कपाटात ठेवा आणि कपाट सीलबंद करा. आठ दिवसांत पथक येऊन पडताळणी करेल, तोवर कुणी हात लावायचा नाही. हेतू चांगलाच असेल, सुट्टीत चोरी होऊ नये वगैरे. हेडसरांना तर पत्र वाचून जीवात जीव आला, सील म्हटलं की जबाबदारी संपली! पण ते कपाट होतं पत्र्याच्या खोलीत. पश्चिमेला तोंड. त्या खोलीत एप्रिलात खडूचा डबासुद्धा हातात धरवत नाही.

मावशी पत्र ऐकून म्हणाल्या, "सर, शंभर करून पत्र्याखाली? त्या पुण्याच्या पोरानं काय सांगितल्तं? ठिवायचं आसंल तर अर्धं ठिवा आन गार जागी ठिवा. हे तर त्यांला मारायचं काम झालं."

"मावशी, पत्रात शंभर लिहिलंय."

"पत्र लिहिणाऱ्याला बोलवा हितं. बसवा त्या खोलीत, दार लावून."

हेडसर हसले, पण शंभर केलेच. स्वतः उभं राहून. मावशींनी त्या दिवशी पिना लावायला नकार दिला, तर सरांनी आपल्या हातानं लावल्या. मग कपाटाच्या दोन्ही दारांवर आडवी कागदी पट्टी, गोंद, सरांची सही, गोल शिक्का. मावशी दाराला टेकून बघत होत्या, चेहरा असा की जिवंत माणसाला पुरताहेत.

आठ दिवस झाले, पथक नाही. पंधरा झाले, नाही. हेडसर सासरवाडीला परभणीला गेले. मे लागला. शाळेला सुट्टी, पण मावशी झाडांना पाणी घालायला रोज यायच्या, आणि मी आणि कांचन त्यांच्या मागं मागं. पाणी झालं की त्या पत्र्याच्या खोलीत जाऊन कपाटाला गाल लावायच्या आणि झटकन मागं यायच्या. "तवा झाला गं, तवा." रोज हेच. मग म्हणायच्या, "आमचे अण्णा दुसऱ्याची मेंढरं राखायचे. आपलं मेलं तर रडायचं आन सोडून द्यायचं. दुसऱ्याचं मेलं तर मालकाच्या दारात जाऊन तोंड दाखवावं लागायचं. हे टॅब काय माझ्या बापाचे हैत? तुमचे हैत. मंग तुमाला तोंड कसं दाखवू?"

एके दिवशी दुपारी त्यांनी फोन लावला. स्पीकरवर. आम्ही दोघी शेजारी उभ्या, म्हणून शब्दन् शब्द आठवतोय.

"सर, सरूबाई बोलू राह्यले. सील तोडू राह्यले."

पलीकडून सर ओरडले, "मावशी! डोकं फिरलंय का? सील तोडणं म्हणजे काय, माहितीये का? नोकरीवर येईल. दीड वर्ष राहिलंय तुमच्या रिटायरमेंटला!"

"म्हाईत हे."

"मग थांबा की. मी आल्यावर बघू. पथक येईलच."

"पथक यील सर. टॅब ऱ्हायचे न्हाईत तवर."

"मावशी, मी सांगतोय, हात लावू नका. मी परवानगी देत नाही."

"परवानगी कुठं मागितली? मी सांगू राह्यले. नंतर म्हणू नका सांगितलं न्हाई." आणि फोन ठेवला!

मग मला म्हणाल्या, "फटफटे, वही काढ. जल्दी लिहितीस ना? लिही." आणि त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिलं: मी, सरूबाई, शाळेची शिपाई, आज दुपारी बारा वाजता कपाटाचं सील तोडलं. आत टॅबच्या बॅटऱ्या उन्हानं मरत आहेत. सरांना फोन करून सांगितलं, त्यांनी नको म्हणलं. मी तरी तोडलं. यात दुसरं कुणी नाही. खाली त्यांनी सही केली, एकेक अक्षर कोरल्यासारखं. कांचन म्हणाली, "आम्ही पण सही करतो, साक्षीदार." मावशींनी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. "दुसरं कुणी न्हाई आसं लिहिलंय ना वर? वाचता यीना का नववीत जाऊन?"

दरवाजा-खिडक्या सताड उघड्या ठेवून, रस्त्यावरून कुणालाही दिसेल असं, मावशींनी पट्टी फाडली. दार उघडल्यावर आतून जी वाफ आली ना! दोन टॅब गेलेले होते. चार आणि अकरा. काच वर उचलली गेली होती आणि पोट आल्यासारखे फुगलेले. मावशींनी ते दोन हळूच, अजिबात न दाबता, वाळूच्या बादलीत ठेवले आणि बादली भिंतीपासून लांब अंगणात नेली. बजावलं, याला आता पिन लावायची नाही, टोचायचं नाही, जवळ जायचं नाही. मग परत आल्या, रिकाम्या झालेल्या दोन जागांकडं बघितलं. डोळे पुसले आणि लगेच ओरडल्या, "उभ्या काय ऱ्हायल्या? अठ्ठावीस जिते हैत अजून!"

आता ऐका. अठ्ठावीस टॅब जवळपास भरलेले, आणि ठेवायचे अर्ध्यावर. म्हणजे काय करावं लागेल? वापरावे लागतील! मावशींनी आम्हाला गावभर पिटाळलं. "सांगा पोरींना, टॅब उतरवायला या." शाळेच्या मागं लिंबाच्या सावलीत आधी टॅब निवू दिले, मग दहा-बारा पोरी, दुसऱ्या दिवशी वीस, कुणाच्या बहिणी, कुणाच्या आया. त्यात अभ्यासाचे सगळे धडे भरलेलेच होते. दहावीचं अर्धं विज्ञान माझं त्या लिंबाखाली झालं, सुट्टीत, बॅटरी उतरवता उतरवता! कांचनची आई ब्लाऊजचा गळा कसा कापायचा ते बघत बसायची. मावशींना मी माझ्या फोनच्या नेटवर कुठल्या तरी परदेशातली मेंढरं मशीननं कातरताना दाखवली, तर त्या डोळ्यात पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं बाई! एवढ्या मोठ्या बाप्याला उघडं करून सोडलं!"

अर्धे झालेले टॅब मग दगडी भिंतीच्या जुन्या वर्गात गेले. कपाटसुद्धा उसाच्या ट्रॅक्टरवरच्या माणसांकडून मावशींनी तिथंच हलवून घेतलं. दारावर, जिथं सील होतं बरोबर तिथं, तो माझ्या हातचा आणि त्यांच्या सहीचा कागद लावला. दर पंधरा दिवसांनी आम्ही कपाट उघडायचो, कुठला टॅब खाली आला असेल तर थोडा वर आणायचो, आणि परत बंद.

पथक आलं शाळा सुरू झाल्यावर. एक साहेब आणि एक क्लार्क. कपाटावर सीलच्या जागी वहीचा कागद बघून साहेबांनी तो दोनदा वाचला. हेडसर शेजारी उभे, रंग उडालेला. साहेबांनी एकेक टॅब चालू करून बघायला सुरुवात केली आणि सील करतानाच्या पंचनाम्याचा कागद पुढं धरला.

"इथं शंभर टक्के लिहिलंय. हे पन्नास. हे बावन्न. हे अठ्ठेचाळीस. बाकीचं चार्जिंग कुठं गेलं?"

शप्पथ, असंच विचारलं. मी दाराबाहेर होते, कांचननं माझं तोंड दाबलं म्हणून हसू फुटलं नाही.

"पोरींनी वापरलं साहेब," मावशी म्हणाल्या. "त्यांच्यासाठीच आल्ते ना हे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं वापरायला?"

"कपाटाला गाल लावून बघितल्ता. त्यानं सांगितलं."

साहेब चिडले. दोन टॅब फुगले ते सील तोडल्यामुळं, असं त्यांनी क्लार्कला लिहायला सांगितलं. मावशी तिथंच म्हणाल्या, "तोडल्यामुळं न्हाई, उशिरा तोडल्यामुळं. तेवढी चूक माझी, लिहा. आठव्या दिवशीच तोडायला पाह्यजे होतं." क्लार्कचं पेन हवेतच राहिलं.

नोटीस आली. कारणे दाखवा. मावशींनी मला लिहायला बसवलं, उत्तर दोन ओळींचं: सील मी तोडलं. अठ्ठावीस चालू आहेत, येऊन बघा. संस्थेत बैठक झाली. हेडसर मध्ये पडले, खूप पळापळ केली बिचाऱ्यांनी, आणि तोडगा घेऊन आले. मावशींनी फक्त एक माफीचा कागद द्यायचा, माझी चूक झाली, पुन्हा होणार नाही. मग सगळं मिटेल, इथंच राहतील, इथूनच रिटायर होतील. नाहीतर संस्थेच्या जाफराबादकडच्या शाळेत बदली, म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. मावशींचं घर आमच्या गावात, दारात दोन शेळ्या, शेजार तीस वर्षांचा.

हेडसरांनी कागद स्वतः टाईप करून आणला होता. "मावशी, दोन ओळी आहेत. कुणी वाचणारसुद्धा नाही."

"मंग लिहायच्या कशाला?"

"तुमच्या भल्यासाठी सांगतोय हो."

"म्हाईत हे सर. पण चूक झाली न्हाई. आन पुन्हा होणार न्हाई म्हणता, पुढच्या मे महिन्यात ऊन पडणार न्हाई का?"

मी रडले. मी म्हटलं, मावशी, करा ना सही, आम्हाला तुम्ही पाहिजे. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुला म्या गालाला टॅब लावून बसवल्तं ते खरं कळावं म्हणून, आन आता मीच खोट्या माफीवर सही करू का?" मला त्याचा अर्थ तेव्हा नीट लागला नाही. एवढं कळलं की बाई आता हलत नाही.

ऑगस्टात त्या गेल्या. स्टॅंडवर आम्ही सात-आठ पोरी, शेळ्या शेजारणीकडं दिलेल्या, मावशींच्या हातात एक पिशवी आणि एक पत्र्याची पेटी. एसटी लागली तेवढ्यात हेडसर मोटारसायकलवरून आले. घामाघूम. खिशातून तोच टाईप केलेला कागद काढला. "मावशी, अजून वेळ गेलेली नाही. अध्यक्षांशी बोललोय मी. एक सही करा, बस जाऊ द्या." पेनसुद्धा टोपण काढून पुढं केलं.

मावशींनी कागद घेतला. कंडक्टरनं घंटी मारली, तर त्याला हात दाखवला, "थांब रे." पेटीवर कागद ठेवून बोट फिरवत सगळा वाचला. मग उलटा केला. कोऱ्या बाजूवर, पेटीवर वाकून, त्यांच्या त्या कोरीव अक्षरात लिहायला लागल्या. आम्ही वाकून बघत होतो. टॅब पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. सुट्टीत अर्धे भरून ठेवावे. दर पंधरा दिवसांनी काढून बघावे. फुगला तर पिन लावू नये, वाळूत ठेवावा. कपाटाला सील लावू नये. आणि खाली सही. सरूबाई.

"घ्या सर. तुमचा कागद वाया जायला नको."

आणि चढल्या. खिडकीतून आम्हाला हात केला की नाही ते आठवत नाही, कारण मी हेडसरांकडं बघत होते. ते मोटारसायकलला टेकून तो कागद वाचत होते, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं.

मावशी त्या दुसऱ्या शाळेतून रिटायर झाल्या, आता भावाच्या गावाला असतात. तिथं पहिल्याच महिन्यात त्यांनी कुणाशी भांडण केलं ते वेगळं सांगायला नको. फोन केला की पहिला प्रश्न, "पिन लावून बोलू राह्यली का? काढ आधी!"

माझी दहावी झाली आणि मी दाखला न्यायला शाळेत गेले, तेव्हा कडक मे होता. शाळेला नवीन शिपाई मिळालाच नव्हता. हेडसर ऑफिसात एकटेच, समोर पत्र. म्हणाले, सील करायचं पत्र परत आलंय यंदाही. मी विचारलं, "मग केलं?" त्यांनी किल्ली घेतली आणि मला त्या जुन्या दगडी वर्गात घेऊन गेले.

कपाटावर एकच कागद होता. सीलसारखा दोन्ही दारांवर मिळून नाही, नुसता उजव्या दारावर, म्हणजे डावं दार केव्हाही उघडावं. मावशींचं अक्षर बाहेर. टाईप केलेली बाजू पत्र्याला टेकवून, चारी कडांना आणि मधोमध गोंद थापून थापून बसवलेली. मी नखानं एक कोपरा उचलून बघितला. हलेना.

हेडसरांनी डावं दार उघडलं, वाकून एक टॅब बाहेर काढला, आणि इकडंतिकडं बघून गालाला लावला. मग मला म्हणाले, "गोंद जरा जास्तच झाला गं. आता मागचं काही कुणाला वाचता यायचं नाही."